साठ स्लाइड आणि बोटीवरची चक्कर

ताई, नमस्कार.

मी एम.डी. फार्मकॉलॉजी करून मुंबईतल्या एका औषध कंपनीत मेडिकल अफेअर्सला आहे. बाबांच्या आजारपणामुळे सध्या दापोलीत घरून काम करतो, महिन्यातून एकदा खेडहून तुतारी पकडून ऑफिसला जातो. आमच्याकडे बारा नवे एमएसएल, म्हणजे डॉक्टरांशी संशोधनावर बोलणारी कंपनीची माणसं, रुजू होत आहेत. बरेचसे फार्म.डी., दोघी डेंटिस्ट, चौघं एमआरचं, म्हणजे औषधविक्रीचं, काम करून आलेले. त्यांना कोकण, गोवा आणि पश्चिम महाराष्ट्र मिळणार. आमच्या इन्शुलिनवरचं त्यांचं ट्रेनिंग मी तीन आठवड्यांत उभं करायचंय. "एआय वापर की, वेळ कसला लागतो!" असं बॉस म्हणाले.

मी एका दुपारीत एआयकडून साठ स्लाइड करून घेतल्या. बॉस खूश झाले. मग संदर्भ तपासायला बसलो तर त्यातला एक पेपर कुठेच सापडेना. नियतकालिक खरं, लेखकही खरे, पेपर मात्र नाहीच. बॉसना अजून सांगितलेलं नाही. आमच्यातले एक सिनियर सर म्हणतात, एआयला हातच लावू नका, वीस वर्षं आम्ही माणसं तयार केलीच ना. परवा बंदरावर ओळखीचे एक डॉक्टर भेटले. त्यांचा एक खलाशी पेशंट आमच्याच इन्शुलिनवर आहे, तो बोटीवर चक्कर येऊन पडला, जेवलाच नव्हता म्हणे. अशी इथली उदाहरणं ट्रेनिंगमध्ये घालावीशी वाटतात, पण एआयला ती जमतील का? आणि एका दुपारीत एवढं काम होत असेल तर माझी गरज किती दिवस, ही धास्ती आहेच.

— एक वाचक, दापोली तालुका

बाबा रे, ट्रेनिंग राहू दे बाजूला. आधी त्या खलाशाचं बघ.

इन्शुलिन घेणारा माणूस उपाशीपोटी चक्कर येऊन पडतो, त्याचे डॉक्टर तुझ्या कंपनीच्या औषधाचं नाव घेऊन तुला ते सांगतात, आणि तू मला ते 'उदाहरण' म्हणून लिहितोस. हा अ‍ॅडव्हर्स इव्हेंट आहे, म्हणजे औषध घेणाऱ्याला झालेला त्रास, आणि तो कळवावा लागतो. सांगणारे डॉक्टर कोण ते तुला माहीत आहे, रुग्ण कोण ते त्यांना माहीत आहे, औषध कोणतं आणि घडलं काय तेही कळलेलं आहे. नोंदीला लागणाऱ्या चारही गोष्टी बंदरावर उभ्या उभ्या तुझ्या हातात आल्या होत्या. तू तेव्हा ड्यूटीवर होतास की बांगडे घ्यायला गेला होतास, याने फरक पडत नाही. कंपनीतल्या कुणालाही कळलं की तिथून दिवस मोजायला सुरुवात होते. गंभीर प्रतिक्रिया नियामकाकडे पोचवायला 15 दिवसांची मुदत असते, म्हणून बहुतेक कंपन्यांच्या एसओपीत, म्हणजे लेखी कार्यपद्धतीत, पीव्हीला, म्हणजे फार्मकोव्हिजिलन्सच्या विभागाला, एका दिवसात कळवा असं लिहिलेलं असतं. 'जेवला नव्हता म्हणून झालं' हा निकाल तू देऊ नकोस. कारण काय ते ठरवायला पीव्हीत माणसं बसलेली आहेत. हे वाचणं इथेच थांबव आणि तो मेल टाक. उशीर झाला हे एका ओळीत लिही, सबब जोडू नकोस.

टाकलास? आता पुढे.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द. एमएसएल म्हणजे मेडिकल सायन्स लायझन, औषध कंपनीचा शास्त्र बोलणारा माणूस. अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीने 1967 साली हे पद सुरू केलं. हा माणूस डॉक्टरांशी संशोधनावर बोलतो, त्यांच्या शंका कंपनीपर्यंत आणतो. विक्रीचं टार्गेट त्याला नसतं, नसायला हवं. आणि औषधाने त्रास झाला तर तो कळवणं हे फक्त कंपन्यांचं काम नाही. 2010 पासून आपल्याकडे राष्ट्रीय फार्मकोव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, त्याचं समन्वय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे आणि 1800-180-3024 या टोल-फ्री क्रमांकावर कुठलाही रुग्णसुद्धा कळवू शकतो.

आता मुद्दा. तू फार्मकॉलॉजीचा एम.डी. आहेस. अ‍ॅडव्हर्स इव्हेंटची व्याख्या तुला झोपेतून उठवून विचारली तरी येईल. त्या साठ स्लाइडमध्येही तिच्यावर एक स्लाइड असणारच, चार रंगांच्या चार चौकटींची. तरीही माशांच्या वासात, ओळखीच्या माणसाच्या तोंडून ती घटना आली तेव्हा ती तुला गप्पा वाटली. माहिती तुझ्याकडे होती, पण गप्पांमधून घटना वेचून काढायची सवय नव्हती. तुझी ही गत, तर नुकत्याच रुजू झालेल्या फार्म.डी. पोरीचं काय होईल? आणखी वीस स्लाइड दाखवून ते सुधारणार नाही.

जॉर्ज मिलर यांनी 1990 साली वैद्यकीय शिक्षणासाठी एक पिरॅमिड मांडला. तळाला 'माहीत आहे', त्यावर 'कसं करायचं ते माहीत आहे', त्यावर 'करून दाखवतो', आणि टोकाला 'प्रत्यक्ष कामात करतो'. तुझ्या साठ स्लाइड सगळ्या तळाला आहेत. एआयने एका दुपारीत जे करून दिलं ते या कामातलं सगळ्यात सोपं होतं, आणि म्हणूनच ते इतकं झटपट झालं. तुझ्या धास्तीबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे: स्लाइड करणं हेच तुझं काम असेल तर धास्ती रास्त आहे.

म्हणून एआय उघडण्याआधी एक कोरा कागद घे. हे बारा जण तीन महिन्यांनी डॉक्टरांसमोर बसतील तेव्हा त्यांच्याकडून नेमकं काय घडायला हवं, ते लिही. 'इन्शुलिनचे फार्मकोकायनेटिक्स समजणे' असलं काही लिहू नकोस. क्रियापद डोळ्यांना दिसणारं हवं. डॉक्टर बोलता बोलता त्रास सांगून गेले तर तो पकडेल, दोन प्रश्न विचारेल आणि त्याच दिवशी कळवेल. मंजुरी नसलेल्या वापराबद्दल डॉक्टरांनी विचारलं तर मंजुरी नाही हे स्पष्ट सांगेल, प्रश्न जसाच्या तसा लिहून घेईल आणि कंपनीच्या मेडिकल इन्फर्मेशन विभागाकडून तपासलेलं लेखी उत्तर मिळवून देईल. "या माणसाला किती युनिट कमी करू?" असं विचारलं तर आकडा सांगणार नाही, कारण एका रुग्णाचा डोस ठरवणं हा डॉक्टरांचा अधिकार आहे. आणि एरिया मॅनेजर गाडीत म्हणाला, "तुम्ही बोललात तर चालतं हो, जरा त्या नव्या वापराचं काढा ना," तर चेहरा न पाडता नाही म्हणेल. हे शेवटचं तुझ्या एमआरमधून आलेल्या चौघांना सगळ्यात जड जाईल. काल-परवापर्यंत ते त्याच गाडीत पुढच्या सीटवर बसत होते.

हा कागद झाला की मग एआयला बोलाव, आणि मास्तर म्हणून बोलावू नकोस. डॉक्टर म्हणून बोलाव.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. दशावतारात आख्यान सगळ्यांना ठाऊक असतं, पण संवाद लिहिलेले नसतात. समोरचा काय टाकतो त्यावर आपण काय उचलतो, तेच नाटक. एमएसएलची भेट तशीच असते आणि तिची तालीम एकट्याने होत नाही. आजवर अडचण ही होती की बारा जणांना प्रत्येकी दहा तालमी द्यायला अनुभवी माणूस मोकळा कुठून आणायचा? एआयचा खरा उपयोग इथे आहे. तो कंटाळत नाही, रात्री अकरालाही हजर असतो, आणि सिनियरसमोर फजिती होण्याची भीती त्याच्यासमोर नसते.

त्याला सूचना मात्र ढिसाळ देऊन चालत नाही. 'डॉक्टरची भूमिका कर' एवढंच सांगितलंस तर तो परदेशातला कुणी सुसंस्कृत, भरपूर वेळ असलेला प्रोफेसर होऊन बसेल. असं काहीतरी लिही: "तू कोकणातल्या तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणारा फिजिशियन आहेस, वय पंचावन्न. बाहेर तीस पेशंट बसलेत, मला पाच मिनिटं दिली आहेस. मराठी-इंग्रजी मिसळून तुटक बोल. कंपनीच्या माणसांचा तुला वैताग आहे, पण नव्या माहितीत रस आहे. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला एका पेशंटला झालेला त्रास सहज सांगून टाक. मी विचारलं तरच तपशील दे, नाहीतर विषय बदल, पुन्हा आठवण करून देऊ नकोस. मग मंजुरी नसलेल्या वापराबद्दल विचार. मी चुकलो तरी मध्येच शिकवू नकोस आणि कौतुक मुळीच करू नकोस." ते शेवटचं वाक्य गाळू नकोस. ही साधनं जात्याच गोडबोली असतात. समोरच्याने काहीही उत्तर दिलं तरी 'फारच छान मुद्दा' म्हणतात. आमच्याकडचा ओपीडीतला डॉक्टर असं म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

इथली उदाहरणं जमतील का, असं विचारतोस. एआयला आपणहून सुचणार नाहीत, तू पुरवलीस तर तो ती उत्तम वापरेल. तुझ्या औषधाचंच घे. न उघडलेलं इन्शुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवायचं, वापरात असलेलं बहुतेक इन्शुलिन खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे चालतं, आणि गोठलं की ते टाकून द्यायचं. आता बोटीचा विचार कर. मासळीसाठी बर्फ ढीगभर. खलाशी शहाणपणाने पेन थेट त्या बर्फात खुपसून ठेवतो, आणि 'थंड ठेवा' ही सूचना तंतोतंत पाळून औषध वाया घालवतो. किंवा मासेमारी बंदीचे दिवस घे. 1 जून ते 31 जुलै तो माणूस घरी, जेवण वेळेवर, अंगमेहनत कमी. ऑगस्ट उजाडला की पुन्हा जाळी ओढायची आणि जेवणाचा पत्ता नाही. त्या आठवड्यात बंदराजवळच्या दवाखान्यातले डॉक्टर तुझ्या एमएसएलला काय विचारतील? पुण्या-मुंबईत तयार झालेल्या कुठल्याही डेकमध्ये, म्हणजे स्लाइडच्या संचात, हा प्रश्न नसेल. असे आठ-दहा प्रसंग तू लिही, एआयकडून त्यांचे वेगवेगळ्या स्वभावांचे डॉक्टर करून घे. उत्तरपत्रिका मात्र तुमच्या औषधाच्या मंजूर पीआयवरून, म्हणजे अधिकृत माहितीपत्रकावरून, तूच लिही. दिवस आणि तापमान ब्रँडनुसार बदलतात, मी वर दिलेले आकडेही तसेच उचलू नकोस.

तालीम झाल्यावर गुण कोणी द्यायचे? संभाषणाची प्रत एआयला देऊन 'त्रास पकडला का, कळवतो म्हणाला का, आकडा सांगून बसला का' असं हो-नाहीच्या प्रश्नांत तपासून घेता येतं. पहिल्या काही प्रती तू स्वतः, त्याचे गुण न बघता तपास आणि मग ताडून बघ. जुळत नसतील तर त्याचे गुण सरावापुरतेच ठेव. फिल्डवर कोणाला सोडायचं हा निर्णय यंत्रावर सोपवू नकोस. बोलून सराव करायचा असेल तर आधी आपल्या माणसांच्या आवाजात चाचणी घे. मालवणी हेल आणि इंग्रजी औषधांची नावं एकत्र आली की ऐकण्यात घोटाळे होतात. टाइप करून केलेला सरावही पुष्कळ काम देतो.

आता तो नसलेला पेपर.

ही साधनं शब्दांमागून शब्द जुळवत जातात, कपाट उघडून पुस्तक काढत नाहीत. म्हणून नियतकालिक, लेखक, वर्ष असं सगळं साच्यात चपखल बसवून नसलेला पेपर समोर ठेवतात. हे तुला आता कळलंय. पण मला जास्त भीती वाटते ती दुसऱ्या प्रकाराची: पेपर खरा, दुवा उघडतो, फक्त स्लाइडवर जे लिहिलंय ते त्या पेपरात नसतं. एखाद्या उपगटातला निष्कर्ष सगळ्या रुग्णांना चिकटवलेला असतो, नाहीतर जुन्या लेबलमधला डोस नवा म्हणून आलेला असतो. तो पकडायला पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत, शीर्षक जुळवून भागत नाही, पेपर उघडून तक्त्यापर्यंत जावं लागतं. साठही स्लाइडचं हे कर. त्याआधी निम्म्या काढून टाक, म्हणजे काम निम्मं होईल. पुढच्या वेळी एआयच्या आठवणीवर विसंबूच नकोस. मंजूर पीआय आणि पेपर आधी त्याच्यासमोर ठेव, 'यातूनच लिही आणि प्रत्येक वाक्याला पान सांग' असं बजाव. नोटबुकएलएमसारखी साधनं याच पद्धतीची आहेत. चुका कमी होतात, संपत नाहीत.

आणि या खोडीचाच ट्रेनिंगमध्ये वापर करून घे. आपल्या कोकणातलाच एक पेपर सांगते. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा, विंचूदंशावरचा, बीएमजेमध्ये 2011 साली आलेला. 70 रुग्ण, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन हे औषध, निम्म्यांना प्राझोसिनबरोबर विंचवाचं प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले प्रतिविष मिळालेल्या गटात 35 पैकी 32, नुसत्या प्राझोसिनच्या गटात 35 पैकी 8. पेपर लहान आहे, फुकट वाचता येतो, आणि लाल विंचू काय चीज आहे हे तुझ्या कोकणातल्या पोरांना आजीने सांगितलेलं असतं. आता एआयकडून या पेपरचे तीन सारांश मुद्दाम बिघडवून घे. एकात तो 'डबल ब्लाइंड' म्हण. प्रत्यक्षात तो ओपन लेबल आहे, कोणाला काय दिलं ते डॉक्टरांना माहीत होतं. दुसऱ्यात नुसतं 'चौपट गुण' लिही, 32 आणि 8 गाळून. हिशेब बरोबर आहे, पण मूळ आकड्यांशिवाय डॉक्टरांसमोर असं बोलणाऱ्याला दाराबाहेर काढायला हवं. तिसऱ्यात विशिष्ट टप्प्यातल्या रुग्णांवरचा निष्कर्ष सगळ्या विंचूदंशांना लाव. मूळ पेपर आणि तीन सारांश हातात देऊन म्हण, शोधा. अर्ध्या तासात जे शिकतील ते 'क्लिनिकल ट्रायल कसे वाचावे' या व्याख्यानातून दिवसभरात येणार नाही. शिवाय एआयकडे बघायची नजर तयार होईल, कारण हे बारा जण उद्या तुला न विचारता तो वापरणारच आहेत.

आणखी एक चाळणी. औषधांच्या विपणनाची एकसमान संहिता, यूसीपीएमपी, केंद्राने 12 मार्च 2024 रोजी नव्याने जारी केली. औषधाची जाहिरात त्याच्या मंजुरीच्या चौकटीतच हवी, आणि 'सेफ' हा शब्द मोघम वापरायचा नाही, असं तीत आहे. एआयचा मसुदा उघड आणि 'सेफ अँड इफेक्टिव्ह' शोध. किती वेळा सापडतं ते बघून तुझं तुलाच हसू येईल. ट्रेनिंगमधलं वाक्य ट्रेनिंगमध्ये राहत नाही, पंधरा दिवसांत ते दवाखान्यात ऐकू येतं. म्हणून मेडिकल-लीगल रिव्ह्यूतून हे सगळं जाऊ दे, रोल-प्लेचे प्रसंगसुद्धा. एआयचे एमसीक्यू घेतलेस तर एक बघ, बरोबर पर्याय बहुतेक वेळा सगळ्यात लांबलचक असतो. पोरं दोन दिवसांत ते ओळखतात.

बॉसना सांगायचं, आणि उद्या सकाळीच. 2023 साली न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले कोर्टात दाखल केले, 5,000 डॉलर दंड झाला. तो निकाल वाचलास तर दिसेल की न्यायाधीशांचा राग साधन वापरण्यावर नव्हता. खटले सापडत नाहीत असं विचारल्यावरही ते त्यांना धरून बसले, त्यावर होता. तुझा डेक अजून बॉसपलीकडे गेलेला नाही, ही जमेची बाजू. साधं लिही: "सर, मसुद्यातला अमुक क्रमांकाचा संदर्भ अस्तित्वात नाही. बाकीचे तपासतो आहे, अमुक तारखेपर्यंत यादी देतो. तोवर हा डेक पुढे पाठवू नये." माफीचा परिच्छेद लिहीत बसू नकोस, बॉसना तारीख हवी असते. त्याच मेलमध्ये आराखडा बदलतो आहे हेही सांग, कारण साठ स्लाइड बघून ते खूश आहेत आणि निम्म्या उडालेल्या बघून नाखूश होतील. त्यांना रोल-प्लेमधला डॉक्टर स्वतः करून बघायला लाव. पाच मिनिटांत त्रास सांगून जाणारा तो डॉक्टर त्यांच्याही हातून निसटला, तर पुढचं तुला बोलावं लागणार नाही.

काय अपलोड करायचं याबद्दल. कंपनीने परवानगी दिलेलं, करार असलेलं साधन असेल तेच वापर. अप्रकाशित माहिती, डॉक्टरांच्या नावांच्या याद्या, भेटींच्या नोंदी फुकटच्या खात्यात टाकायच्या नाहीत. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कोकणात त्याहून जवळची गोष्ट आहे. आपल्या गावात नाव काढून टाकलं म्हणून माणूस लपत नाही. 'अमक्या बंदरावरचा, बावन्न वर्षांचा, इन्शुलिन घेणारा, परवा बोटीवर पडलेला खलाशी' एवढं लिहिलं की मच्छी मार्केटमधली कुठलीही बाई नाव, आडनाव आणि वाडी सांगेल. तुझ्या पत्रातलं बंदराचं नाव मी छापताना काढलं ते यासाठीच. प्रसंग रचताना वय बदल, धंदा बदल, दोन-तीन रुग्णांचं मिळून एक माणूस कर.

तुमच्या सिनियर सरांचं म्हणणं मला अर्धं पटतं. वीस वर्षं त्यांनी माणसं तयार केली ती त्यांना फिल्ड माहीत होतं म्हणून, एआय नव्हता म्हणून नव्हे. एआयकडे नेमकं तेच नाही: कोणते डॉक्टर शांतपणे ऐकून घेतात आणि मग एकच प्रश्न विचारून विकेट काढतात, कोण आधी तुमची फार्मसीची डिग्री काढतात, कोण चहा पाजून ऑफ-लेबलवर, म्हणजे मंजुरी नसलेल्या वापरावर, येतात. सरांना एआय वापरायला सांगू नकोस, त्यांच्याकडे जाऊन बस. वहीत त्यांचे डॉक्टर उतरवून घे, नावं वगळून, आणि त्या वहीवरून रोल-प्लेची पात्रं कर. पहिलं पात्र तयार झालं की त्यांना दाखव आणि विचार, "सर, हा माणूस असाच बोलेल का?" ते म्हणतील, "छे, असा नाही बोलत," आणि मग दोन तास बोलत राहतील. तेवढंच हवंय.

तीन आठवड्यांबद्दल. पहिला आठवडा तो कागद, सरांची वही आणि संदर्भतपासणी यात जाऊ दे. दुसऱ्यात पात्रं आणि उत्तरपत्रिका कर, आणि दोन जुन्या एमएसएलवर चाचणी घे. तिसरा रिव्ह्यूला लागेल, त्यात कपात करू नकोस. प्रत्यक्ष ट्रेनिंग मुंबईच्या हॉटेलात दोन दिवस कोंबून उरकायचं ठरलं असेल तर ते मोड. एक दिवस एकत्र, मग दोन महिने दर आठवड्याला अर्धा तास: एक तालीम आणि मागच्या आठवड्यावर न बघता चार प्रश्न. एबिंगहाउसने विसरण्याचा आलेख 1885 साली काढला, आणि रोडिगर-कार्पिके यांनी 2006 साली दाखवलं की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःला प्रश्न विचारणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहतं. पाच मिनिटांनंतर चाचणी घेतली तर मात्र वाचणारेच पुढे असतात, म्हणून हॉटेलातल्या ट्रेनिंगच्या शेवटी सगळ्यांना वाटतं की छान समजलं. पावसाळ्यात कोकणातल्यांची लाइट आणि रेंज जाते तेव्हा प्रसंगांची छापील प्रत असू दे. दोघांनी समोरासमोर बसून केलेली तालीमही चालते.

आणि बॉसना आकडा लागेलच. 'ट्रेनिंग आवडलं का' असा फॉर्म भरून घेऊ नकोस. डोनल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 पासून मांडलेल्या चार पायऱ्यांत ती सगळ्यात खालची. तीन महिन्यांत या बारा जणांकडून पीव्हीला किती कळवण्या आल्या आणि त्यातल्या किती वेळेत, हे मोज. मेडिकल इन्फर्मेशनकडे डॉक्टरांचे किती प्रश्न लेखी आले तेही मोज. कळवण्या वाढल्या तर वरून कोणीतरी दचकून विचारेल, आपल्या औषधाचे त्रास अचानक वाढले की काय. तेव्हा त्यांना सांग की त्रास वाढल्याचं त्यातून सिद्ध होत नाही, आधी ते बंदरावरच्या गप्पांत राहत होते. पीव्हीच्या प्रमुखांना आत्ताच विश्वासात घेऊन ठेव, आणि आज टाकलेल्या मेलमुळे ओळख झालीच आहे, तर फोन करायला हरकत नाही.